आपल्याला मामा नव्हता

१२ फेब्रुवारी

ताई,

तुझा फोन दुकानात आला तेव्हा माझ्या तोंडात खिळे होते. आमच्याकडे खुर्चीला कापड बसवताना बारीक खिळे ओठांत धरतात आणि एकेक काढून ठोकतात, म्हणून मी नुसतं "हं, हं" करत होतो. तुला वाटलं असेल मी रागावलोय. तेव्हा तरी रागावलो नव्हतो. मालकांच्या फोनवर जास्त बोलता येत नाही आणि तुझा फोन घरात सगळे बघतात, म्हणून हे पत्र. तू म्हणालीस तसं शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही. आतही घालत नाही.

तू जे सांगितलंस ते मी बरोबर ऐकलं का, ते तपासायला पुन्हा लिहितो. आई-वडील आपण लहान असताना गेले. हे खरं आहे. पुढे आपल्याला मामाने वाढवलं. हे खोटं आहे. मामाचं किराणा दुकान होतं, त्याला मूलबाळ नव्हतं, मामी आधीच वारली होती. तुझं लग्न ठरण्याआधी मामाही गेला आणि घर विकलं गेलं. तुझ्या सासरी सगळ्यांना हेच माहीत आहे, भावोजींनासुद्धा. आता बाळीचा पहिला वाढदिवस आलाय आणि सासूबाईंनी हट्ट धरलाय की तिच्या मामाला, म्हणजे मला, बोलवायचंच, कारण तुझ्या माहेरचं एकही माणूस त्यांनी अजून पाहिलेलं नाही. मी यायचं, जेवायचं आणि कोणी विचारलं तर हीच गोष्ट सांगायची. आपण ज्या अनाथ मुलांच्या संस्थेत वाढलो तिचं नाव काढायचं नाही.

आता माझ्या शंका. मामी आधीच वारली होती आणि मामा दिवसभर दुकानात, तर आपल्याला जेवायला कोण घालत होतं? तू म्हणालीस घरामागे परसात विहीर होती. पुढे म्हणालीस मामा दुसऱ्या मजल्यावर राहायचा. दुसऱ्या मजल्याला परस नसतं. आणि तुझ्या लग्नाला मी का नव्हतो, तर माझी परीक्षा होती, असं तू सांगितलं आहेस. त्या परीक्षेचं काय झालं असं विचारलं तर नापास झालो म्हणून सांगू का? तेवढं निदान खरं आहे.

हसू नकोस. सासूबाई विचारणार नाहीत असं तुला वाटतं, पण माणसं नेमकं तेच विचारतात. सवय व्हावी म्हणून मी राहतो त्या खोलीत गोष्ट आधीच सांगून टाकली आहे. आम्ही तिघं आहोत: मी, दवाखान्यातला कंपाउंडर आणि विजेची मीटरं वाचत फिरणारा एक जण. घरमालकीण खाली राहते, तिला सगळे मावशी म्हणतात. मावशींनी विचारलं, कुठला रे तू, तर मी म्हणालो, मामाकडे वाढलो. त्या म्हणाल्या, बरं झालं बाई, घरातला मुलगा आहे. मला ते वाक्य आवडलं नाही. का आवडलं नाही ते मी अजून शोधतोय.

बाकी माझं बरं चाललं आहे. दुकानातले मिस्त्री मला मोजपट्टी म्हणतात, कारण मी कापड कापायच्या आधी तीनदा मोजतो. ते म्हणतात, खुर्ची काही पळून चाललेली नाही, कर एकदाचं. साबण घ्यायला गेलो होतो तर दुकानदार म्हणाला, सगळे हुंगून झाले असतील तर एखादा घ्या. इतके साबण असतात हे मला माहीत नव्हतं. आणि मला चहा ऐंशी जणांचा करता येतो, एकाचा येत नाही. पहिल्या दिवशी केला तो कंपाउंडर, मीटरवाला, मावशी, शेजारी आणि जिना झाडणारी बाई अशा सगळ्यांनी प्यायला, तरी उरला.

येणारच नाही असं म्हणत नाही. पाठ करतो. विहिरीचं तेवढं ठरव.

तुझा भाऊ

२७ फेब्रुवारी

ताई,

कालचं क्रमाने लिहितो, कारण क्रम चुकला तर मी चोर ठरतो. इथे तसंच झालं.

मावशींनी सांगितलं की ओले कपडे खोलीत वाळत घालायचे नाहीत, भिंतींना ओल येते. त्यांनी गच्चीवर एक लांब दोरी बांधली, सगळ्यांनी तिथेच घालायचे. तोपर्यंत माझे शर्ट मी खिडकीच्या गजांना अडकवत होतो आणि सगळं ठीक होतं. दोरी एक झाली आणि माझा हात जुन्या सवयीवर गेला. सकाळी गच्चीवर गेलो, माझा शर्ट ओला होता, शेजारी मापाचा एक कोरडा होता. तो काढला, घातला आणि कामावर गेलो. मनात काही आलंसुद्धा नाही. आपल्याकडे शर्ट कुणाचा नसतो, मापाचा असतो. जो वाळला तो आपला. इतकी वर्षं मी सकाळी असाच तयार झालो आहे.

तो शर्ट कंपाउंडरचा होता. आकाशी रंगाचा, नवा. त्याला त्या दिवशी मोठ्या दवाखान्यात मुलाखतीला जायचं होतं आणि त्यासाठी त्याने तो मुद्दाम धुऊन ठेवला होता. तो जुना शर्ट घालून गेला. आणि मी इकडे त्याच्या बाहीवर फोम चिकटवायचं सोल्यूशन सांडलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. मी संध्याकाळी सगळ्यांच्या आधी घरी आलो आणि दोरीवरचे सगळे कपडे काढून, घड्या घालून, मापाप्रमाणे लावून ठेवले. लहान, मध्यम, मोठे. मावशींचे गाऊन मोठ्यांत गेले. ते त्यांनी पाहिलं आणि विचारलं, हे काय रे? मी म्हणालो, कपडे. तेवढ्यात कंपाउंडर आला. मी त्याचा शर्ट घालून चहा पीत बसलो होतो.

तो ओरडला नाही. हळू बोलला, ते जास्त वाईट असतं. म्हणाला, मावशी, याला विचारा, हा कुणाचा शर्ट आहे. मी बाही पाहिली, मग दोरी आठवली, मग सगळं आठवलं. मावशी म्हणाल्या, "मामाच्या घरी दुसऱ्याचे कपडे घालायची पद्धत होती का रे?"

ताई, इथे नीट वाच. मामाच्या घरी अशी पद्धत असूच शकत नाही. किराणा दुकानदार, घरात दोनच मुलं, प्रत्येकाचे कपडे वेगळे. अशा घरातून आलेल्या मुलाने दुसऱ्याचा शर्ट घातला तर तो चोरच. दुसरं काही नाव नाही त्याला. मी तिथे उभा राहून विचार केला की तुझा मामा वाचवू की मला वाचवू. फार वेळ केला नाही.

मी म्हणालो, "मला मामा नाही. मी संस्थेत वाढलो. तिथे दोरीवर जे वाळलेलं असेल ते मापाने घालतात. हा शर्ट मी चोरलेला नाही, घातलाय. चोरला असता तर तो घालून तुमच्यासमोर बसलो नसतो."

कंपाउंडर म्हणाला, "संस्थेत होय. मग बरोबर."

मी विचारलं, काय बरोबर? तो म्हणाला, काही नाही. मी परत विचारलं. माझा आवाज थरथरत नव्हता, हे मी तेव्हाच तपासलं. शेवटी तो म्हणाला, नाही म्हणजे, वळण नसतं. मी त्याला टेबल दाखवलं आणि म्हणालो, वळण एवढं आहे की तुमची पँटही घडी घालून ठेवली आहे, मध्यममध्ये बघा.

मीटरवाला पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "माझा शर्ट कधी घातला नाहीस तो? माझा काय वास येतो?" मी म्हणालो, तुझा मला आखूड होतो. मावशींनी तोंडाला पदर लावला. कंपाउंडर हसला नाही आणि मी त्याला दोष देत नाही, त्याची मुलाखत वाईट गेली होती.

त्याचं म्हणणं होतं की मी सगळ्यांसमोर चोरी केली असं कबूल करावं, नाहीतर खोली सोडावी. मी म्हणालो, शर्ट खराब झाला त्याचं मला वाईट वाटतं, मुलाखतीचं त्याहून वाईट वाटतं, तसाच शर्ट आणून देईन. पण तो शब्द मी म्हणणार नाही. हवं तर ट्रंक बाहेर काढतो. ट्रंकेत काय, माझे दोन शर्ट आणि घोंगडी. बाहेर काढायला वेळ लागला नसता.

मावशी म्हणाल्या, उद्या सांगते. आज सकाळी सांगितलं: रहा, पण मी आता कपाटाला कुलूप लावत जाईन, राग मानू नकोस. मी म्हणालो, मी राग मानणार आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मान बापडा, आणि कुलूप लावलं.

तर इथे आता सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं होतं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होईल. तसं झालं नाही. उलट जिना चढताना हलकं वाटलं. तुझा मामा फार जड होता.

तुझा भाऊ

११ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं. तू लिहिलंस, तिथे बोललास म्हणजे इथेही बोलशील, तेव्हा येऊच नकोस, रजा मिळाली नाही म्हणून सांगेन. मला रजा मिळते. मालकांना विचारून झालं आहे. माझ्या नावावर आणखी एक खोटं लावू नकोस.

तू आणखी एक वाक्य लिहिलं आहेस. "तुझी खोली गेली तर तुला दुसरी मिळेल, माझं घर गेलं तर मला दुसरं नाही." ते मी कामावर बरोबर घेऊन गेलो. एका सोफ्याचं जुनं कापड उसवत दिवसभर ते मनात फिरवत होतो आणि त्यात चूक काढत होतो. सापडली नाही. ते खरं आहे. सासूबाई एकदा कोणत्या तरी संस्थेतल्या मुलीबद्दल म्हणाल्या होत्या की कुठलं रक्त कोण जाणे, तेव्हा तू त्यांच्याशेजारी बसून भाजी निवडत होतीस, हेही तू लिहिलंस. तू मान वर केली नसशील हे मला दिसतं. तरीही मी तुझं ऐकणार नाही. कारण सांगतो.

फोनवर तू म्हणालीस की सासूबाईंना आपल्या मामाचं फार कौतुक आहे. का, तर तू त्यांना सांगितलंस की मला मोठा ताप आला होता तेव्हा मामा माझ्या उशाशी बसून होता. तेव्हा माझ्या तोंडात खिळे होते म्हणून मी गप्प राहिलो. आता नाहीत.

मामा कुठे होता गं तेव्हा? आजाऱ्यांची खोली मुलांच्या इमारतीत होती. मुलामुलींच्या मधल्या जाळीच्या अलीकडे यायला मुलींना बंदी होती. तू आलीस. खिडकीखालच्या पायरीवर बसलीस. मोठ्या बाईंनी दंडाला धरून नेलं, परत आलीस. त्यांनी तुझं जेवण बंद करीन म्हणून सांगितलं, तर तू म्हणालीस, करा. हे मला स्वयंपाकाच्या काकूंनी नंतर सांगितलं, त्यांनीच तुला मागच्या दाराने पोळी आणून दिली. तू काचेवर टकटक करायचीस आणि मी पलंगाच्या लोखंडावर. माझा ताप उतरला तेव्हा तुला ताप चढला होता, पण तुझ्या पायरीवर कोणी बसलं नाही, कारण मला जाळी ओलांडायचं धैर्य झालं नाही. मी सात वर्षांचा होतो. तू बारा.

आणि मला लिहायला कोणी शिकवलं? जाळीच्या भोकांतून खडू आत घालून, फरशीवर, उलट्या बाजूने अक्षर काढून, मला सुलटं दिसावं म्हणून. तेही तू मामाला देऊन टाकलं असशील.

तू स्वतःचं सगळं काढून त्या नसलेल्या माणसाला दिलं आहेस, ताई. तुझ्या सासरी तो देवमाणूस झालाय आणि तू त्याने वाढवलेली एक मुलगी. मी लहान होतो, पण मला आठवतं की तिथे एकच मोठं माणूस होतं आणि ते बारा वर्षांचं होतं. त्या माणसाला खोटं ठरवायला मी येणार नाही. तुझ्या सांगण्यावरूनसुद्धा नाही.

संस्था चांगली होती असं मी म्हणत नाही. मला तिथल्या सकाळच्या घंटेने अजून दचकायला होतं, आणि ती घंटा आता माझ्या आसपास कुठे नाही. पण ती होती. मी तिथून आलो. मी काही आकाशातून पडलो नाही.

या पाकिटाच्या मागे मी माझं नाव आणि पत्ता घातला आहे. शिवणवर्गातल्या बायकांनी विचारलं तर भावाचं पत्र आहे म्हणून सांग. तेवढं तरी सांगता येईल.

तुझा भाऊ

२३ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. मी अजून थांबलो असतो, पण वाढदिवस रविवारी आहे.

मी येतो आहे. माझ्या अटी लिहितो, म्हणजे तुला अंदाज राहील. मी आपणहून काही सांगत सुटणार नाही. दारात उभा राहून संस्था, संस्था असं ओरडणार नाही. हवापाण्याचं बोलेन, बाळीला घेईन, जेवेन. पण मामाचं कोणी विचारलं तर मामा नव्हता असंच सांगेन. त्याआधी तू भावोजींना सांगितलंस तर सगळ्यांत बरं. तुझ्या तोंडून ऐकलेलं आणि माझ्या तोंडून ऐकलेलं यात फार फरक पडेल, हे मलाही कळतं. अजून चार दिवस आहेत.

मी मिस्त्रींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बहिणीकडे जाताना बूट पॉलिश करावेत, तत्त्वं नंतर. मी म्हणालो, दोन्ही करतो. बाळीसाठी मी एक छोटी खुर्ची केली आहे. लाकूड उरलेलं, रेक्झिन हिरवं. कोपरे गोल घासले आहेत, खिळा एकही बाहेर नाही, मी गाल लावून पाहिलं.

कंपाउंडर अजून बोलत नाही. त्याला तसाच आकाशी शर्ट आणून दिला. तो त्याने धुतला आणि दोरीवर न घालता आपल्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला. रात्रंदिवस तो शर्ट तिथे खोलीत बसलेला असतो, जणू चौथा भाडेकरू. मीटरवाला त्याला नमस्कार करतो. मावशी कुलूप लावतात आणि मला वाटीभर भाजीही देतात. दोन्ही एकाच हाताने करतात. मला आधी वाटायचं की माणसाने एक काय ते ठरवावं. आता वाटतं, त्यांचं त्या बघून घेतील. मी भाजी खातो आणि कुलपाकडे बघतो.

मला भीती वाटते हे तुला सांगायची गरज नाही. तुझ्या इमारतीचं दार बंद असलं तर मी किती वेळ बाहेर उभा राहीन कोण जाणे. दार आपण ढकलायचं असतं हे मला अजून दर वेळी आठवावं लागतं. पण ढकलेन.

तुझा भाऊ

२ एप्रिल

ताई,

हे पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतो आहे. सासूबाईंनी आधी उघडलं तरी चालेल. सासूबाई, नमस्कार. तुमच्याबद्दल यात जे आहे ते मी तुमच्या तोंडावर बोललो तेवढंच आहे, जास्त काही घातलेलं नाही.

रविवारी निघताना भावोजी कोपऱ्यापर्यंत आले आणि बस येईपर्यंत माझ्याशेजारी उभे राहिले. माझ्याकडे पाठ करून बसच्या वाटेकडे बघत होते. मला माणसाचा राग आणि माणसाचा विचार यातला फरक पाठीवरून ओळखता येत नाही, तेव्हा ते काय होतं ते मी सांगू शकत नाही. त्यानंतर घरात काय चाललं आहे तेही मला माहीत नाही. सासूबाई तुझ्याशी बोलत नसतील. भावोजी वर्तमानपत्र उलटसुलट वाचत असतील. ते सगळं माझ्यामुळे झालं आहे आणि मी त्यातून अंग काढून घेणार नाही. पण तू आत होतीस तेव्हा बाहेर काय बोलणं झालं, ते तुला कोणी सांगितलं नसेल असं वाटतं, म्हणून लिहितो.

तू घरात काही सांगितलेलं नाही हे मला दारातच कळलं. तू माझ्या डोळ्यांकडे नाही, कॉलरकडे पाहिलंस. ठीक आहे, म्हटलं. मी अटींप्रमाणे वागलो. हवापाण्याचं बोललो. बाळीला खुर्चीत बसवलं, तिने उठून हाताच्या दांडीला तोंड लावलं आणि रेक्झिन चावून पाहिलं. ताटं वाढली गेली. सासूबाई चांगल्या मनाने बोलत होत्या. त्या म्हणाल्या, असा मामा सगळ्यांच्या नशिबात नसतो, बहिणीच्या पोराच्या उशाशी बसून राहायचं म्हणजे आईचं काळीज लागतं.

त्यांनी विचारलं नव्हतं. कौतुक केलं होतं. कौतुकाचं काय करायचं ते माझ्या अटींत नव्हतं. मी गप्पच बसणार होतो, ताई. पण तू वाढत होतीस आणि तुझा हात माझ्या ताटावर थांबला, आणि ते कौतुक तुझं होतं. तुझ्या देखत ते दुसऱ्याला जात होतं. मी म्हणालो, "मामा नव्हता. ही बसली होती."

तू भांडं खाली ठेवलंस आणि आत गेलीस. इथून पुढचं तुला माहीत नाही.

सासूबाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी विचारलं, तेव्हा गावाला गेला होता का? मी म्हणालो, तेव्हाही नव्हता आणि कधीच नव्हता, आम्ही दोघं संस्थेत वाढलो. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. सासूबाई म्हणाल्या, म्हणून फोटो नव्हता होय. त्यांनी मामाचा फोटो कितीदा मागितला होता म्हणे, आणि तू दर वेळी वेगळं कारण दिलंस. मग त्या म्हणाल्या, मग इतके दिवस मी कौतुक कुणाचं करत होते?

मी म्हणालो, तिचंच. नाव चुकत होतं, एवढंच.

त्या म्हणाल्या, "आम्हाला फसवलं तिने."

मी हो म्हणालो. हे तुला माझ्याकडून कळावं. मी तुझी बाजू घ्यायला खोटं बोललो नाही. म्हणालो, फसवलं, पण का फसवलं ते तिला विचारा. तुम्ही एकदा संस्थेतल्या कुणा मुलीबद्दल म्हणाला होतात, कुठलं रक्त कोण जाणे. तेव्हा ती तुमच्याशेजारी बसली होती. सासूबाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं त्या आता मला उठायला सांगतील, आणि मी खुर्चीची कड धरून ठेवली. पण त्या म्हणाल्या, बोलले असेन. आणि मग, खाली बघून: म्हणजे या पोरीला आजोळ नाहीच.

मी म्हणालो, "आजोळ नाही. मामा आहे. हा बसलाय."

त्या दाराशी काढून ठेवलेल्या माझ्या बुटांकडे बघत होत्या. मिस्त्रींचं ऐकलं ते बरं झालं.

शेवटी त्या म्हणाल्या, आमच्या घरातलं आम्ही बघू, तुम्ही पाहुणे आहात, जेवून घ्या. भावोजींनी घास उचलला. मी सुरुवात केली नाही. मी हात गुडघ्यांवर ठेवले.

सासूबाई, हे तुमच्यासाठी लिहितो, ताईला माहीत आहे. आमच्याकडे रांग भरल्याशिवाय कोणी ताटाला हात लावत नसे. एक जण जरी यायचा राहिला, नळावर असो की शिक्षा भोगत असो, तरी सगळे थांबत. भूक लागलेली असायची, समोर ताट असायचं, आणि थांबायचं. मला तो नियम लहानपणी क्रूर वाटायचा. पण त्यामुळे कुणाला विसरता येत नसे. तुम्ही मला विचारलंत, का थांबलात, आणि मी म्हणालो, रांग भरली नाही. तुम्हाला तो उर्मटपणा वाटला असेल. होता. तुम्ही म्हणालात, हट्टी आहात. मी म्हणालो, हो.

मग भावोजींनी उचललेला घास परत ताटात ठेवला. ताई, हे तू पाहिलं नाहीस, म्हणून मुद्दाम लिहितो. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनीही हात गुडघ्यांवर ठेवले, माझ्यासारखे. सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, पण जेवायला सुरुवात त्यांनीही केली नाही. बाळी तेवढी खुर्ची खात होती.

स्वयंपाकघरात भांड्याचाही आवाज नव्हता. तुला बाहेरचं बोलणं नीट ऐकू आलं नसलं तरी ते थांबलेलं कळलं असणार, आणि आपल्याकडे जेवणाच्या वेळी एवढी शांतता कधी असते ते तुला माहीत आहे. तू बाहेर येणार नाहीस असं मला एकदा वाटलं. मी तसाच बसून राहिलो असतो. बस चुकली असती, अंधार पडला असता, तरी मी हललो नसतो, हे मी ठरवलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहायचं आहे. तू तोंड धुऊन बाहेर आलीस. हातात तुझं स्वतःचं ताट होतं. तू भावोजींच्या बाजूला गेली नाहीस, सासूबाईंच्याही नाही. माझ्या डावीकडे खुर्ची ओढलीस आणि बसलीस. संस्थेत मुलींची रांग जाळीपलीकडे असायची. इतकी वर्षं एका छपराखाली जेवलो, पण एका रांगेत आपण कधी बसलो नव्हतो.

तू म्हणालीस, "सुरू कर."

सगळं गार झालं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

तुझा भाऊ